इतिवृत्तात नसलेलं

सभागृहात माझं काम बोलण्याचं नाही.
एकोणीस वर्षं मी सभापतींच्या पायाशी, खालच्या टेबलाशी बसते,
आणि पॉडगोरित्सात जे जे बोललं जातं
ते आखूड रेघांत पकडते.
टाळ्या पडल्या की कंसात टाळ्या.
आरडाओरड झाली की कंसात व्यत्यय.
लघुलिपीला मत नसतं.

मंगळवारी उठल्या सदस्य राडोयका वुलेविच,
उत्तरेकडच्या डोंगरातल्या, पेशाने गुरांच्या डॉक्टर.
नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या गावात
बेकरीसमोर, सकाळच्या पावाच्या रांगेत,
एका माणसाने सात जणांना आडवं केलं.
सातही जण त्याला नावाने ओळखत होते.
त्यातल्या दोघांनी त्याच्या लग्नात हवेत बार काढले होते.

कागद त्यांनी आणलाच नव्हता.
म्हणाल्या, परवाना दर पाच वर्षांनी तपासा,
डॉक्टरची चिठ्ठी मागा,
आजोबांची आठवण म्हणून माळ्यावर ठेवलेली असेल
तीही नोंदवा.
म्हणाल्या, आमच्याकडे मुलगा झाला की अंगणात बंदूक गरजते,
मुलगी झाली की नुसतं दार लोटून घेतात.
बेकरीतल्या यग्लिकाच्या जन्माला कुणी बार काढला नव्हता.
बंदुकीने तिची दखल घेतली
ती थेट एकविसाव्या वर्षी.

मागच्या बाकावरून कुणी ओरडलं,
बंदूक काय आपोआप सुटते?
दुसरा म्हणाला,
बाई, तुमचे आजोबा काय लाटणं घेऊन लढले?
हशा.
मी लिहिलं: व्यत्यय.

मग त्या म्हणाल्या,
याच कायद्याच्या विरोधात चार वर्षांपूर्वी मी हात वर केला होता.
हा हात.
आणि तो त्यांनी वर केला.
सभापतींना वाटलं, त्यांना हरकत घ्यायचीय.
बोला, ते म्हणाले.

त्या बोलल्या नाहीत.
किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.
गप्प राहण्याला लघुलिपीत खूण नाही.
पेन कागदावर टेकलेलंच राहिलं,
आणि तिथे शाईचा ठिपका
मसुराएवढा झाला, मग वाटाण्याएवढा.
टंकलेखनाला पान गेलं तेव्हा
खालच्या पोरीने विचारलं, इथे काय आहे?
काही नाही, मी म्हणाले, पेन गळकं आहे.

जुनं इतिवृत्त काढून पाहिलं.
माझंच अक्षर. विरोधात एक्केचाळीस.
एक्केचाळीस हातांत त्यांचा कोणता
ते कुठे लिहिलेलं नाही.

प्रस्ताव समितीकडे गेलाय.
समितीकडे म्हणजे कुठे,
ते एकोणीस वर्षांत मला पुरतं कळलंय.

घरी, हिवाळी चादरींच्या खाली
मिलुतिनचं रिव्हॉल्वर.
तो गेल्याला सहा वर्षं झाली.
दर उन्हाळ्यात मी चादरी वाळत घालते,
झोपलेलं मांजर उचलावं तसं त्याला बाजूला ठेवते
आणि संध्याकाळी पुन्हा जागच्या जागी.
परवाना होता का, कधी विचारलं नाही.
नवऱ्याला असलं कुणी विचारतं का?

गुरुवारी ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं,
बाजाराच्या पिशवीत कांद्याच्या पातीखाली ठेवलं
आणि चौकीवर गेले.
कायदा झालेला नाही, हे मला माहीत होतं.
पोलिसालाही माहीत होतं.
मिसरूड न फुटलेलं पोर,
त्याने ते दोन बोटांनी धरलं, जसं काही ओलं आहे,
चाक फिरवलं, मोजलं.

सहाची जागा, पाचच आहेत, तो म्हणाला.
सहावी कुठेय?

मी सांगितलं.
आमचा वुकोता झाला त्या रात्रीची.
याला अंगणात जाण्याइतकाही धीर निघाला नाही,
स्वयंपाकघरातच हात वर केला.
कौल बदललं, डांबर लावलं, दोनदा गवंडी आणला.
पाऊस आला की अजून तिथे
पातेलं ठेवावं लागतं.

त्याने लिहिलं: पाच.